दादांना वर पाठवल्याबद्दल

तीर्थरूप दादांस,

साष्टांग नमस्कार. (साष्टांग हा शब्द इथे शोभेपुरता नाही. टेबल तुमच्या बहिणीच्या कॉम्प्युटरने आणि तिच्या पायाखालच्या उशांनी व्यापलंय, त्यामुळे हे पत्र मी आतल्या खोलीत जमिनीवर पालथा पडून लिहितोय.) आम्ही इकडे ठीक आहोत असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिलं. तुमचा गुडघा काय म्हणतो, वहिनींचा खोकला थांबला का, हे सगळं विचारायचं आहे. पण विचारायला तोंड राहिलेलं नाही. कारण दादा, कळवायला फार वाईट वाटतं की मी तुम्हाला वर पाठवलंय आणि आता खाली आणता येत नाहीये.

घाबरू नका, वहिनींनाही घाबरवू नका. पहिल्यापासून सांगतो.

पडदे काढताना ही स्टुलावरून पडली आणि पाय मोडला, हे तुम्हाला ठाऊक आहेच. प्लास्टरमध्ये बसून बसून तिचा जीव विटला (आणि माझाही, कारण ती बसल्या जागेवरून स्वयंपाकघर चालवत होती आणि स्वयंपाकघरात मी होतो). तेव्हा आमच्या कन्येने येऊन कॉम्प्युटरवर एक खेळ बसवून दिला. त्यात सुटे भाग मिळतात, ते एकावर एक रचून रॉकेट करायचं, टोकाला एक एवढासा अंतराळवीर बसवायचा आणि उडवून द्यायचं. आई जरा रमेल, एवढाच पोरीचा हेतू. जी बाई आयुष्यभर बस आगारात उभी राहून गाड्या सोडत आली, तिच्या हाती आपण आख्खा उड्डाणतळ देतोय हे काही तिच्या डोक्यात आलं नाही. दोन दिवसांत ही संचालक झाली आणि मी यंत्रशाळेत लागलो. पूर्वी गाडी उशिरा सुटली की ड्रायव्हरला जे ऐकून घ्यावं लागायचं, ते आता दुकान बंद करून घरी आल्यावर मी ऐकतो.

पहिल्या अंतराळवीराचं नाव तिने 'दादा' ठेवलं. मी म्हटलं, दुसरं काहीतरी ठेव, उगाच कशाला. तर म्हणाली, घरात धीराचा माणूस तो एकच. (मी शेजारीच बसलो होतो.)

आता या खेळात सुरुवातीला गरिबी असते. चांगली इंजिनं मिळत नाहीत, नुसती घन इंधनाची नळकांडी मिळतात. तुम्ही खाणीत जन्मभर सुरुंग लावलेत, तुम्हाला मी काय सांगणार. आत मसाला ठासून भरलेला, खाली भोक. पेटवलं की पेटलं. मग कमी करता येत नाही, थांबवता येत नाही, विझवून पुन्हा लावता येत नाही. तुमचे धाकटे मामा बैठकीत गायला बसायचे, त्यातला प्रकार. कडवी संपेपर्यंत कोणाचा इलाज नाही.

पहिल्या उड्डाणाला मी इंजिन आणि पॅराशूट एकाच बटणाला जोडून ठेवलं होतं. दोन्ही एकदम सुटली. पॅराशूटच्या चिंध्या झाल्या, तुम्ही तसेच वर गेलात आणि तसेच खाली आलात. दुसऱ्या खेपेला शेपटीचे पंख लावायचे राहिले. रॉकेट थोडं वर गेलं, तिथे काही आठवल्यासारखं थबकलं आणि तोंड फिरवून घरी आलं. घर म्हणजे उड्डाणतळाची इमारत. (झालं गेलं पुसून मागे जायची सोय खेळात आहे, म्हणून तुम्ही अजून हयात आहात.) तिसऱ्या खेपेला सगळं यथासांग होतं, फक्त नळकांडी जास्त झाली, आणि तुमचा वेग इतका वाढला की यानाचं नाक तापून लाल झालं. कोपऱ्यातल्या चौकोनात तुमचा चेहरा दिसतो. तो बघवत नव्हता.

पुढे तिने नेटाने खेळून द्रव इंधनाचं इंजिन मिळवलं. ते नळासारखं असतं, हवं तेवढं सोडा, नको तेव्हा बंद करा. कोणीही शहाणा माणूस तिकडे वळला असता. पण मला नळकांड्यांचा लळा लागला होता, आणि खरं सांगायचं तर तिने 'तुम्हाला ते जमायचं नाही' असं म्हटलं होतं. मी जाहीर केलं की निव्वळ घन इंधनावर तुम्हाला पृथ्वीभोवती फिरत ठेवून दाखवतो.

"ते ठेवाल हो," ती म्हणाली. "पण उतरवणार कशाने?"

"आधी चढू तर दे."

दादा, चढलात तुम्ही. टप्प्यावर टप्पा रचला, एकेक जळून गळून पडला, शेवटचं नळकांडं मी चढ संपतो त्या नेमक्या शिखरावर पेटवलं, आणि तुम्ही ढगांच्या कितीतरी वर, शांतपणे, गोल फिरायला लागलात. मी उठून उभा राहिलो. आयुष्यात मी लोकांच्या डोळ्यांचे नंबर काढले, चष्म्याच्या काड्या बसवल्या. असलं काही माझ्या हातून कधी झालं नव्हतं. त्या आनंदाच्या भरात मी 'जतन करा' हे बटण दाबलं. म्हणजे आता मागे जायची सोय गेली. आणि वर फिरणारा माणूस आपोआप खाली येत नाही. त्याचा वेग मोडावा लागतो, वेग मोडायला इंजिन लागतं, आणि आपली सगळी नळकांडी तर जळून संपलेली.

हिने चष्मा पुसून स्क्रीन नीट बघून घेतली. मग म्हणाली, "बरं केलंत."

तिला म्हटलं, तुझं नळवालं इंजिन लावून आण त्यांना. तर म्हणाली, ज्याने अडकवलं त्याने सोडवावं. मग मी सुटका मोहीम काढली. अर्थात नळकांड्यांची. पहिलं यान तुमच्याजवळ पोचलं, दादा, अगदी जवळ. पण त्याला थांबता कुठे येतंय. भर वेगात तुमच्या खिडकीवरून निघून गेलं. दुसऱ्या यानात एक अंतराळवीर बसवला. त्याला हिने माझं नाव दिलं, आणि मी पूर्वेऐवजी पश्चिमेला उडवलं. त्यामुळे आता तुम्ही आणि मी दोघेही वर आहोत, उलट्या दिशांनी फिरतोय, आणि प्रत्येक फेरीत दोनदा एकमेकांच्या जवळून असे जातो की नमस्कार करायलाही सवड नाही.

कामात लक्ष नाही. परवा एका बाईंना तक्त्यासमोर बसवलं आणि शेवटची ओळ दिसते का विचारायच्या ऐवजी शेवटचा टप्पा सुटला का असं विचारलं. त्या पर्स घेऊन निघून गेल्या.

पण दादा, इतकंच असतं तर पत्राचा प्रपंच केला नसता. प्लास्टर निघालंय. डॉक्टर म्हणतात हाड जुळलं, आता चालायचं, नाहीतर सांधा आखडून बसेल. पायाचे व्यायाम करून घेणाऱ्या बाई घरी आल्या, तर हिने त्यांना सरळ सांगितलं, "माझा भाऊ खाली आल्याशिवाय मी पाय जमिनीला लावणार नाही." त्या माझ्याकडे बघायला लागल्या. मी कॉम्प्युटरकडे बोट दाखवलं.

आधी मी हसलो. आता हसू येत नाही. मी तिचा हात धरून उठवायला गेलो तेव्हा तिची बोटं थंडगार होती. मला वाटतं तिला भीती बसली आहे, दादा. दिवसभर उभं राहून शंभर गाड्या मार्गी लावणारी बाई एका स्टुलाला भ्यायली, आणि हे तोंडाने म्हणायचं नाही म्हणून तिने तुम्हाला वर लटकवून ठेवलंय. मी रोज संध्याकाळी यान उडवतो आणि रोज हरतो. एकदा तुम्ही उतरलात की तिच्याजवळ काही सबब उरणार नाही, या आशेवर उडवतो. ती आशाही आता संपत आली आहे.

वहिनींना नमस्कार. तुमच्यावरून दर फेरीला उलटा जाणारा,

तुमचा भावोजी

ता. क. एकदा पेटलेलं मधेच थांबवायची काही युक्ती तुमच्या खाणीत होती का? नसेल तर नाही म्हणून कळवा, म्हणजे मी नाद सोडतो.

ता. क. २ वरचं जाऊ द्या. खरं म्हणजे तुम्ही आठवडाभर येऊन राहाल का? तुम्ही 'ऊठ' म्हणालात तर ती उठेल. मी लिहिलंय असं मात्र म्हणू नका, सहज आलो म्हणा.

---

दादा, यांच्या अक्षराखाली माझं अक्षर बघून दचकू नकोस. तुला खाली आणणं मला एका दुपारचं काम आहे. आणलं नाही, कारण पूर्वी हे घरी आले की जेवायचे आणि पेपरात तोंड घालायचे. आता रोज संध्याकाळी माझ्या शेजारी बसतात, बोलतात, भांडतात, हात हलवून पूर्व-पश्चिम दाखवतात. तू उतरलास की हे पुन्हा पेपरात जातील. तेव्हा अजून थोडे दिवस फिर.

भीतीचं त्यांनी बरोबर ओळखलं. मला वाटलं होतं कोणाला दिसत नाही. सुरुवातीला खरंच पाय टेकवत नव्हता. मग हे दुकानात गेले की त्या व्यायामाच्या बाई यायला लागल्या.

तू ये, जरूर ये, पण मला 'ऊठ' म्हणू नकोस. हे पत्र यांच्या कोटाच्या खिशात होतं, आणि कोट बाहेरच्या दाराजवळच्या खुंटीला असतो.