वहाळातल्या घरवाल्या अळ्या

४ डिसेंबर
सुमनने आज मनूची बशी मोरीत ओतली. म्हणे, "आई, किडे होते त्यात." किडे! माझ्या नातीने सकाळभर वहाळात वाकून गोळा केलेले, कॉलेजात दाखवायला. सुनेला म्हटलं, स्वतःच्या पोरीला विचारायचंस तरी. तर माझ्यावरच फणफणली. संध्याकाळी मी नि मनू परत वहाळावर. पाणी गार, गुडघे कुरकुरले, पण मजा आली बाई.

५ डिसें.
शिकले! नाव कॅडिस. पाण्यात अळी, मोठी झाली की पाखरू. पुढे सहा पाय, शेपटाला दोन आकडे, गळासारखे. मी एक धरली, आकडे नव्हते, तरी हीच म्हणून हटून बसले. मनू हसली, "आजी, ही दुसऱ्या घरची हाय." काही वाळूचे कण चिकटवून नळी करतात नि ते घर ओढत फिरतात. त्यांचं पुढचं अंग कडक, मागचं लोण्यासारखं. काही बिनघराच्या, दगडाला जाळं लावतात. त्यांच्या पाठीवर तीन कडक ढाली, पोटाखाली पांढरी झालर, श्वासाची. भिंगातून बघताना चहा गार झाला. सुमन पुन्हा फणफणली. फणफणू दे.

७ डिसें.
आमच्या दिनूने, मनूच्या बापाने, वहाळाच्या कोंडीतले, खोल डोहातले, मासे आणले. भाड्याने देतो त्या खोल्यांवर मुंबईचे पाहुणे आहेत. कालवण झकास. मी दोनदा घेतलं, शाब्बास म्हटलं मेल्याला.

८ डिसें.
वहाळावर वास. पाणी साफ करायला आपण विहिरीत टाकतो त्या ब्लीचिंग पावडरीचा. बारके मासे पोट वर करून. अळ्या घरातून अर्ध्या बाहेर लोंबतायत, आकडे आतच अडकलेले. मनू दगड उलटत राहिली. घरी येऊन कालचं उरलेलं कालवण मातीत ओतलं.
दिनूला धरला, पावडर टाकून मासे मारलेस म्हणून.
"सगळेच टाकतात, आई. पाणी वाहतं, साफ होतं."
"तुझा बाप टोपली लावून मासे धरायचा."
"त्याच्याकडे पाहुणे नव्हते. वर्षअखेरीला परत मासे मागितलेत त्यांनी."
"परत टाकशील?"
"किड्यांपायी पोराशी भांडतेस?"
"व्हय, भांडते!"
जेवले नाही. भूक होती, तरी नाही.

१२ डिसें.
मनू अलिबागला, कॉलेजात परत गेली. भिंग मला दिलं. "वहाळात कोण परत येतं ते बघत रहा." बापाशी बोलली नाही. मी पावडरीचा डबा उचलून ट्रंकेत घातला, लुगड्यांखाली. दिनू शोधतोय. लुगड्यांना वास लागणार, त्याचाही राग त्याच्यावरच.

२० डिसें.
जाळंवाल्या आल्या. तीन ढाली, झालर, मीच ओळखल्या. त्या कुठंही तगतात म्हणे. घरवाली एक नाही. दगड उलटताना दिनूला शिव्या घातल्या, मोठ्याने. पल्याडची म्हातारी म्हणाली, "कुणाशी बोलतेस गो?"

२९ डिसें.
सापडलं! कोंडीच्या कडेला, दगडाखाली, वाळूचं घर. पण दोन्ही तोंडं बंद. मनूला फोन केला. "आजी, आत पाखरू होत असेल. नायतर मेली असेल." उघडलं तर मरणार. दगड होता तसा ठेवला.
घरी येते तर दिनू गाडी काढतोय.
"बाजारात चाललो. उद्या पाहुणे यायचेत."
"काय आणणार?"
"बघतो."
डोळ्याला डोळा दिला नाही. डबा ट्रंकेतच आहे, पण बाजारात काय डब्यांचा तोटा? उद्या उजाडल्याबरोबर कोंडीवर जाऊन बसते, त्या दगडाशेजारी. पावडर टाकायचीच असली तर आईच्या पायावर टाक म्हणावं.