जुन्या चुलीचा विस्तव

३ नोव्हेंबर
आलो एकदाचे! शहाद्याहून टेम्पोत सगळा संसार कोंबून आणला. आरसा फुटू नये म्हणून बायकोनं, तमन्नानं, तो वाटभर मांडीवर धरला होता. तापीकाठची ही दगडी हवेली आता लग्नाचं लॉन, आणि मी तिचा मॅनेजर. आधी मुसाफिरांची सराय, मग कापसाचं जिनिंग, मग प्लेगचं इस्पितळ, परवापर्यंत मुलींचं वसतिगृह. माणसापेक्षा घरानंच जास्त नोकऱ्या केल्या, असं म्हणून तमन्ना खूप हसली.

५ नोव्हेंबर
वसतिगृहात स्वयंपाक करणाऱ्या गजराबाई येऊन गेल्या. म्हणाल्या, ‘जुना चुल्हाना इस्तो नवा चुल्हामा टाकना पडस, भाऊ. नही ते घर मांगे जास.’ घराचं काम बदललं की दरवेळी त्यांच्याच घराण्यानं हा विस्तव नव्या चुलीत नेला म्हणे. मी थट्टा केली, घर मागे कसं जाईल? आणि गॅसच्या शेगडीत विस्तव घालू कुठं? त्यांच्यादेखत, त्यांनीच जागती ठेवलेली धगधगती चूल पाडली, राख नदीत टाकली. चुलीच्या जागी स्टेज छान बसेल. बाई निघून गेल्या.

८ नोव्हेंबर
तमन्नानं पातेलंभर वरणभात रांधला. कशाला, तर मुली शाळेतून येतील. मी हसलो. दुपारी रिकाम्या जेवणघरात ताटं वाजली.

९ नोव्हेंबर
दालनात खाटा. कुणी मांडल्या? खाटा रिकाम्या, आणि तमन्ना उशांवर ओलं फडकं ठेवत फिरते आहे. मलाही ताप आहे म्हणते. मला ताप नाही. मला भीती वाटते आहे.
तिला उचलून फाटकाबाहेर नेलं. तिचा श्वासच थांबला. आत आणली तेव्हा सुरू झाला.

१० नोव्हेंबर
गजराबाईंच्या पाया पडलो. त्या रडल्या. म्हणाल्या, विझलेला विस्तव आता आणायचा कुठून? मी विचारलं, सरायच्या आधी इथं काय होतं?
‘आठे घरच नव्हतं, भाऊ. तापीमाय व्हती.’

११ नोव्हेंबर
हवेत कापसाची रुई. तमन्नाच्या केसांत, ओठांवर — खोकते आहे — दार लावलं तरी येते —

दुपारी
रुई गेली. ओसरीवर उंटांची लीद. तमन्नानं मला पाणी दिलं, अदबीनं विचारलं, मुसाफिर, कुठून आलात? मी म्हणालो, मी तौहिद, तुझा नवरा. नाव छान आहे म्हणाली.
माझी तमन्ना —

१२
भिंती विरळ झाल्यात — आरपार दिसतं — फरशीवर पाणी. एका हातानं तिला धरलंय. ती विचारते, तुम्ही मला ओळखता का? हो म्हणालो. कमरेपर्यंत आलं — हात सोडणार नाही — ती आता काही विचारत नाही, नुसती माझ्याकडे बघ