तुटक रेघ

दि. ४ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

इकडे मी बरा आहे असं लिहायची पद्धत, म्हणून लिहिलं. खरं विचारशील तर वीट आलाय. हे दुकान नकाशे छापायचं. सरकारी नकाशे, भिंतभर मोठे: रस्ता कुठून काढणार, पाइप कुठून नेणार, कचरा कुठे टाकणार. शाईचा वास हाताला इतका चिकटलाय की जेवताना भातसुद्धा शाईचा लागतो. तेही चाललं असतं. पण ते नकाशे बघवत नाहीत.

परवा एकाच कागदात सात हिरवे रंग होते. बाग हिरवी, शेत हिरवं, दफनभूमी हिरवी आणि जिथली घरं उठवायची तीही हिरवी. कचऱ्याच्या जागेला छान गुलाबी. कुठल्या रंगाचा अर्थ काय, हे कोपऱ्यात मुंगीला वाचता येईल एवढ्या अक्षरात. मी मालकाला म्हटलं, लोकांना हे दिसणार कसं. तर म्हणाला, लोकांनी बघितलं म्हणजे झालं, त्यांना समजावं असं कुणी सांगितलंय. आणि हसला. त्याच्या दातांना तंबाखू.

ही नोकरीही सोडीन म्हणतो. बाबांना बोलू नकोस, ते सातवीत शाळा सोडली तिथपासून सुरुवात करतील. आईच्या गुडघ्याचं कळव. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
भोवरा

दि. १९ जानेवारी

चि. भोवऱ्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दाजींनी मोठ्याने वाचलं आणि दाताशी आल्यावर थांबून चहा बाजूला ठेवला. इतकं सविस्तर नको लिहूस रे. आणि नोकरी सोडायची असेल तर आधी दुसरी बघ, मग भोवऱ्यासारखा फिर.

गंमत म्हणजे तसला एक नकाशा इकडेही आलाय. पालिकेच्या जिन्यात लावलाय, आपल्या भागाचा. हरकत असेल तर फेब्रुवारी संपायच्या आत द्या म्हणतात. सगळी गल्ली माझ्या दुकानात हजर, कारण कागदावरच्या रेघा वाचणारी इथे मी एकटी शिंपीण. मग मी पॅटर्नचा कागद नेला आणि आपल्या गल्लीचा तुकडा त्यावर गिरवून आणला. सोबत पाठवते, बघ माझा हात अजून स्थिर आहे.

घाबरायचं काही नाही. गल्लीतून फक्त तुटक रेघ गेलीय. आमच्यात सलग रेघ कात्रीची, तुटक रेघ टाक्याची. तेच सर्वांना सांगितलं: आपल्याला शिवणार आहेत, कापणार नाहीत. लोक हसत घरी गेले. शेजारच्या काकूंनी तर ओट्याला नव्या फरश्या बसवायला घेतल्या. रेघेपाशी १२ असं बारीक लिहिलंय, ते कशाचं ते कळलं नाही.

आईचा गुडघा तसाच. जेवत जा. आठवण आली की लिही, नाही आली तरी लिही.

तुझी,
ताई

दि. २७ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझा कागद उघडला आणि ताट बाजूला सारलं. ताई, ती रेघ टाक्याची नाही. नकाशात तुटक रेघ म्हणजे आज नाही, उद्या होणार. रस्ता होणार. १२ म्हणजे बारा मीटर रुंद. आपल्या गल्लीत दोन सायकली समोरासमोर आल्या तर एकाला उतरावं लागतं. बाकीचे मीटर कुठून येणार? तुझ्या दुकानातून, काकूंच्या फरश्यांतून, आपल्या स्वयंपाकघरातून.

तुला बोल नाही लावत. असल्या रेघा मीच रोज छापतो. आमचा नकाशेवाला त्या करड्या काढतो, केसाएवढ्या, आणि म्हणतो नजरेला टोचता कामा नये. माणसाचं घर जाणार ते टोचता कामा नये! मला शिसारी येते त्याची. आणि माझ्या हातांचीही, कारण त्या रेघा पुसट आल्या की मीच मशीन नीट करून पुन्हा छापतो.

दुपारी सगळे जेवायला गेले तेव्हा मी आपल्या गल्लीचा वेगळा नकाशा केला. प्रत्येक घर, न्हाव्याचं दुकान, नळ, दिवे, झाडं, सगळं घातलंय. रस्ता लाल. तो दुकानाला चिकटव. आणि गल्लीला उठव, हरकती द्यायला लाव. चिडले तर चिडू देत. मी येऊ शकत नाही, मालक सुट्टीचं नाव काढलं की तोंड असं करतो की जणू मी त्याच्या ताटात थुंकलो.

घाईत. दाजींना सांग, मी ही नोकरी आत्ता सोडत नाही. लोभ ठेव, मी रागात असलो तरी.

भोवरा

दि. १ मार्च

चि. भोवऱ्यास,
अनेक आशीर्वाद.

आधी गल्लीने मला सोलून काढलं, ते सांगून टाकते. काकू म्हणाल्या, तुझ्या टाक्यावर मी फरश्या बसवल्या. न्हावी आठवडाभर दाजींशी बोलला नाही, अर्धी दाढी करून बाहेर बसवलं त्यांना.

मग तुझा नकाशा लावला. रागावू नकोस, पण तोही तुझ्या मालकाच्याच जातीचा निघाला. इतकं भरलंस की लाल रस्ता झाडांत हरवला. लोक आपापलं घर शोधत बसले, आणि न्हाव्याचं दुकान मोठं काढलंस यावरून भांडण. रस्त्याबद्दल कोणी बोलेना.

मला चीड आली. मी मापाची टेप आणि कापडावरचा खडू घेऊन गल्लीत उतरले. मधोमध उभी राहिले आणि दोन्हीकडे सहा-सहा मीटर मोजून रेघ ओढत निघाले. भिंत आली तर दारातून आत. न्हाव्याच्या खुर्चीखालून, बाबांच्या खाटेखालून, काकूंच्या फरश्यांवरून. तुटक नाही, सलग. खडू संपला तेव्हा न्हाव्याने स्वतः चुना आणून दिला. त्या दिवसापासून कुणाला काही समजवावं लागलं नाही. सगळ्यांनी हरकती दिल्या.

काल पाहणीला साहेब आले. हातात तोच करडा नकाशा. मी म्हटलं, साहेब, रेघेवरून चाला. ते चालले. न्हाव्याकडे गिऱ्हाइकाला पाय वर घ्यावे लागले. आपल्या स्वयंपाकघराच्या दारात रेघ आत गेली तसे ते थांबले, खाली बघितलं आणि बूट काढले. आईने त्यांना पाणी दिलं. ते रेघेवर उभं राहून प्यायले आणि म्हणाले की गल्लीपलीकडच्या बंद गोदामाच्या मागून रस्ता नेता येतो का ते मोजायला सांगतो. वचन दिलं नाही. कळवतो म्हणाले.

आई गुडघा धरून रोज फरशी पुसते, पण तेवढी रेघ सोडून. मी पुसायला गेले तर हात धरला. म्हणाली, उत्तर येईपर्यंत असू दे, नाहीतर आपणच विसरू.

तुझा राग असाच राहू दे, जेवण मात्र वेळेवर कर.

तुझी,
ताई