सूपबरोबर काय?

ती. ताईस,

वाकता येईल तितकं वाकून नमस्कार. (साष्टांगच घालणार होतो, पण नंतर उठवायला घरात कुणी नाही.) तुझी कंबर कशी आहे? भाऊजींचा खोकला? मी ठणठणीत आहे. ऐकणारं माणूस नसलं की दुखणीसुद्धा कंटाळून निघून जातात.

पत्रास कारण की, पुढच्या रविवारी आपली पोरगी माझ्याकडे जेवायला आहे आणि मी टोमॅटोचं सूप करतोय. बत्तीस वर्षं कारखान्याच्या कँटीनमध्ये तेच ढवळलं, त्यामुळे सूपची काळजी नाही. फक्त मला प्रमाण येतं ते तीनशे माणसांचं. सोमवारी रंगीत तालीम म्हणून दोघांपुरता हिशोब मांडला, पण हाताला कागद वाचता येत नाही. सूप चाळीस जणांचं झालं. ते संपवायला शेजारच्या शिंप्याला रोज बोलावतोय. (रिटायर झालाय, दात नाहीत, बोलावणं कधी मोडत नाही.)

खरं घोडं अडलंय ते सूपबरोबर काय द्यायचं इथे. कँटीनमध्ये हा प्रश्नच नव्हता. सूपबरोबर पाव, आणि शनिवारी सूपबरोबर कालचा पाव. घरी तसं चालणार नाही. म्हणून मंगळवारी लसूण-लोणी लावून पाव भाजला. शिंप्याने तो सूपमध्ये बुडवला आणि छान म्हणाला. बुधवारी लोण्यात परतलेले बटाटे केले. त्याने ते कुस्करून सूपमध्ये ढकलले आणि छान म्हणाला. काल काकडीचे काप केले (थांब म्हणायला कुणी नव्हतं, अकरा काकड्या चिरल्या), तर त्याने तेही बुडवले. असल्या माणसाचं मत घेऊन मी काय करू? पण खोटं कशाला सांगू, तो उठून गेला की घर फार मोठं वाटतं.

काल भांडी घासताना एक गोष्ट लक्षात आली. कँटीनमधला वेल्डर पावाची फक्त कड खायचा, स्टोअरकीपरला बटाटा चालायचा नाही, गेटवरच्या वॉचमनला सूप गार करून लागायचं. हे सगळं मला पाठ आहे. पोरगी सूपबरोबर काय खाते ते मात्र माहीत नाही. तिची आई गेल्यावर माझी कायम संध्याकाळची पाळी, आणि सात वर्षं तिला रात्री तूच जेवायला वाढलंस. मी यायचो तेव्हा ती झोपलेली असायची. त्याचं मला वाईट वाटतं, ताई. तेव्हा वाटायला वेळ नव्हता.

भाऊजींना नमस्कार.

तुझा धाकटा

ता. क. तिला काय आवडायचं ते लगेच कळव. पाव, बटाटे की काकडी, एवढं लिहिलंस तरी पुरे. तिसरंच काही असेल तर कृतीसकट लिही, दोन माणसांची.

ता. ता. क. रविवारचं तिला अजून ठाऊक नाही. तीनदा फोन लावला आणि पहिली रिंग वाजताच ठेवून दिला. दोन वर्षांनी एकदम सूप प्यायला ये असं कसं म्हणायचं? तू बोलावलंस तर येईल. त्या रविवारी जमत नाही म्हणाली, तर कुठलाही रविवार चालेल म्हणावं.