आबांच्या मुठीवरची चकती

१० सप्टें., बुध. संकष्टी.
जयपूरहून पार्सल आले. रिव्हॉल्वरच्या मुठीच्या लाकडी फळ्या, डावी-उजवी १ जोड, स्क्रू १. रु. २,४०० + टपाल १८०. ह्यांनी लावून पाहिल्या. भोक दोन सूत खाली. चिठ्ठीवर 'जुनी, अस्सल'. कसली अस्सल, नव्या लाकडाला बूटपॉलिश. बोटांना लागले.
खंडेनवमीला तीन आठवडे. आबा आदल्या दिवशी साताऱ्याहून, वन्संकडून येणार. चंद्र दिसेपर्यंत पोटात अन्न नाही, त्यात हे.

१२, शुक्र.
लिहूनच ठेवते. गौरींच्या आधी देव घासायला काढले तेव्हा ह्यांच्याकडून मूठही सोडवून घेतली. रिव्हॉल्वर सासऱ्यांचे, आबांचे; आता परवाना ह्यांच्या नावे. खंडेनवमीला पूजेत असते. फळ्यांवर चाळीस वर्षांचे तेल-कुंकू. रिठ्याच्या पाण्यात भिजत घातल्या. डाव्या फळीत बसवलेली पितळी चकती विटेच्या पुडीने घासली, समईसारखी लखलखली. मग गॅलरीत उन्हात. संध्याकाळी डावी फळी उभी चिरलेली, आणि चकतीवरचे चित्र गेलेले. आधीच झिजले होते, उरलेसुरले मी घालवले.
आबांची दृष्टी गेली, आता आठवणही. माझे नाव दहादा विचारतात. पण खंडेनवमीला ती मूठ हातात दिली, अंगठा चकतीवर टेकला, की हे रिव्हॉल्वर कमरेला लावून नेलेली कारखान्याच्या पगाराची पेटी, जीप, घाट, सगळे ओळीने सांगतात. मलाही नावाने हाक मारतात. तेवढा एक दिवस.
त्यांना कळवलेले नाही.

१५, सोम. अविधवा नवमी.
सासूबाईंचे पान वाढले. दुपारी हे परवान्यासकट रिव्हॉल्वर घेऊन कॅम्पात बंदूक-दुरुस्तीच्या मिस्त्रींकडे. मी बरोबर, फळ्या पदराखाली. मिस्त्रींनी चष्मा वर केला. "वहिनी, धुतलीत की शिजवलीत?"
हे म्हणाले, "आमच्याकडे देवांची नाकंही अशीच गेलीत."
हसले दोघे.
मिस्त्री म्हणतात, नळीवर कंपनीचे नाव आहे, पण कंपनीने मुठी दोनदा बदलल्या. चकतीवर घोडा, नाहीतर गुंफलेली अक्षरे, नाहीतर फूल. प्रत्येकीची वरची गोलाई वेगळी, आणि ही तर फुगून वाकडी झालेली. "कोलकात्यात एकाकडे जुना माल आहे. कुठली मागवू तेवढं सांगा. इतकी वर्षं पूजा केलीत, बघितलं नाहीत?"
नाही बघितले. फूल वाहिले, नमस्कार केला, नैवेद्याकडे धावले.
ह्यांनाही आठवेना. घोडा म्हणाले, मग वाघ म्हणाले. मिस्त्री म्हणाले, वाघ नसतोच.

१८, गुरु.
गुरुवारचा उपास. मिस्त्रींनी जयपूरच्या लाकडाचे भोक बुजवून नवे पाडले. आबांच्या अंगठ्याने पडलेली खळगी जुन्या फळीवरून मापून कानशीने घातली. काम सुबक, खोटे कशाला बोलू. ह्यांनी डोळे मिटून हातात घेतली, "जमलंय की!" मी डोळे मिटून अंगठा टेकवला. जुनीच चकती बसवलेली, झिजल्या नाण्यासारखी गुळगुळीत. नाही.
हे चिडले. "आबांना दिसतंय काय? कुठलीही बसव."
"दिसत नाही म्हणूनच तर."
भगर करपली.

२०, शनि.
साताऱ्याला फोन लावला. वन्संनी आबांना दिला. विचारणारच होते.
"कोण बोलतंय?"
"मी, पुण्याहून."
"असं होय. दसरा आला ना? मूठ पुसून ठेव हो, बाळ. तेल जास्त नको."
मी झेंडूचा भाव सांगितला आणि ठेवून दिला.

२१, रवि. सर्वपित्री.
मिस्त्रींचा निरोप, शुक्रवारपर्यंत सांगा, नाहीतर कोलकात्याचे दसऱ्याला पोचणार नाही. हे म्हणतात, चिठ्ठ्या टाकून बघ. थट्टा सुचते.
मारुतीला गेले. तिथेही घोडा, अक्षरे, फूल, हेच डोक्यात. प्रदक्षिणा मोजायची राहिली.

२२, सोम. घटस्थापना.
घट बसले. माळ घातली आणि सोवळे सोडायच्या आत बसून पत्र लिहिले. फोनवर जीभ उचलत नाही, कागदावर उचलली. नक्कल इथे ठेवते:

'तीर्थरूप आबांस साष्टांग नमस्कार. वन्संनी हे सावकाश, दोनदा वाचून दाखवावे. आपल्या मुठीची डावी फळी माझ्या हातून चिरली आणि चकतीवरचे चित्र मी घासून घालवले. ह्यांचा दोष नाही. दर खंडेनवमीला आपण मला म्हणत होता, "इथे बोट ठेव, बघ काय आहे." मी सोवळ्यात आहे म्हणून ठेवले नाही. आता विचारते. अंगठ्याखाली काय लागायचे? घोडा, अक्षरे, की फूल? आठवले तर तसे, नाही आठवले तरी तसे, रागावला असाल तर तेही, उलट टपाली कळवावे.'