व्याहीबुवांचा कोट आणि कसरीचं कुटुंब

आदरणीय व्याहीबुवांना सविनय नमस्कार,

आपला गुडघा जिन्याशी सलोख्याने वागत असेल आणि विहीणबाईंना खोकला झोपू देत असेल, अशी आशा आहे. इकडे सगळे ठीक. आपली लेक आमच्या घरावर राज्य करते (चांगलंच करते, माझ्या चहात आता साखर नसते).

पुढच्या महिन्यात आपला सत्कार आहे आणि आमच्याकडे राहिलेला आपला राखाडी लोकरी कोट त्यासाठी हवा आहे, असं सूनबाईंकडून कळलं. त्याबद्दलच लिहितो आहे. आमच्या हिने कपाटात डांबरगोळ्या ठेवल्या होत्या. पण व्याह्यांच्या कोटाला तसला वास यावा हे मला बरं दिसेना, म्हणून मी त्या गुपचूप काढून टाकल्या. परवा कपाट उघडलं, तर तांदळाच्या दाण्याएवढा एक सोनेरी पतंग उजेडाला लाजून आपल्या कोटाच्या बाहीत शिरला.

शाळेत फुलपाखराची कविता अख्ख्या वर्गात मला एकट्याला पाठ होती. या बिचाऱ्यावर मात्र कुणी दोन ओळी लिहिल्याचं आठवत नाही (लोक नुसतं 'कसर लागली' म्हणतात आणि कपडे झटकतात). वास्तविक हा पतंग काहीच खात नाही. त्याला खाण्याजोगं तोंडच नसतं. खातात त्या त्याच्या अळ्या. लोकर, केस, पिसं, जे जगात फारसं कुणाला पचत नाही, ते त्या पचवतात. पाखरं उडून गेली की त्यांची घरटी हीच मंडळी साफ करतात. आपला कोटही त्यांनी असंच एखादं सोडलेलं घरटं समजून हाती घेतला असावा. शेजारी माझा मफलर होता, त्याला शिवल्यासुद्धा नाहीत (तो नायलॉनचा आहे, असं ही म्हणते. मी लोकरीचा म्हणून घेतला होता).

काही अळ्या तर कापडाच्याच धाग्यांची नळी करून अंगात घालतात, आणि अंग वाढलं की ती उसवून मध्ये कळी बसवतात. हिचा जन्म शिवणकामात गेला. भिंगातून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "हात चांगला आहे हो यांचा. पण कापड व्याह्यांचं आहे. आधी त्यांना कळवा, मग कविता म्हणत बसा."

म्हणून कळवतो. अळ्यांना मी बुटाच्या खोक्यात हलवलं आहे. कोटाच्या पाठीचा जो भाग कामातून गेला होता, तो त्यांच्याबरोबर दिला. सगळं कुटुंब राखाडी लोकरीत मोठ्या रुबाबात फिरतं. आपल्या घराण्याची आठवण येते. कोट समोरून निर्दोष आहे. व्यासपीठावर श्रोत्यांकडे पाठ केली नाहीत म्हणजे झालं.

आपल्या लेकीचा सासरा

ता. क. याच कापडाची विजार आपल्याकडे असेल, असं ही म्हणते. ती पाठवलीत तर पाठ नव्याने शिवून कोट वेळेवर पोचवू. लेकीला कळवू नये. कोट धुलाईला दिलाय, असं तिला सांगितलं आहे.

पुन्हा ता. क. पाठीला विजारीचा एकच पाय पुरेल. दुसऱ्याची काळजी नसावी. अळ्या अजून वाढीच्या वयात आहेत.