मधली पात

१६ मे, संध्याकाळ

एम.ए. मानसशास्त्र की एमबीए? अर्जाची मुदत उद्या संपतेय. एमबीएनं नोकरी लवकर लागेल, खरंय. पण माणसं कामात टिकतात कशी, तेच मला शिकायचंय ना?

पाण्याच्या टँकरच्या रांगेत आईनं विचारलं, "ह्या मानसशास्त्रात शिकिवतेत तरी काय?"

"माणसं काम सोडून का जातात, ते."

आई कारखान्याच्या ऊसतोड टोळीची मुकादम. हसलीच. "त्याला कालेज कशाला? नव्या जोडीला फडात कडंची पात देऊ न्हाई, मधली द्यायची. दोन्ही अंगाचे पुढं गेले की मागं वळून हात लावतेत. कडंला टाकली की जोडी एकटी पडती, आन् आठ दिसांत गावाकडं पळती."

मधली पात, म्हणजे तोडायला वाटून दिलेली उसाची मधली पट्टी! इतके हंगाम तिच्या मागं मोळ्या बांधल्या, आणि मला हे कधी दिसलं नाही? मोठी आलेय मी पुस्तकं वाचणारी! तिची टोळी आजवर फुटली नाही ती उगाच नाही.

घरी येऊन एम.ए.चाच अर्ज भरला. 'या विषयाशी ओळख कुठे झाली?' असा रकाना होता. कॉलेजचं नाव लिहिलेलं, ते पुसलं.

लिहिलं, 'आईच्या टोळीत.'